निसर्ग वादळानंतर बंद पडलेलं घर, साठ गुंठे आणि २०२३ चा उन्हाळा : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण दापोली तालुक्यातल्या किनाऱ्याजवळच्या एका वाडीतलं. ज्यांचं आहे त्यांना विचारूनच लिहितोय, नावं आणि गाव मात्र देत नाही. घरातल्या कर्त्याला आम्ही दादा म्हणतो, त्याची बायको ती वहिनी, आणि त्याची आई म्हणजे अख्ख्या वाडीची आजी. मी त्याच वाडीत राहतो, माझी स्वतःची थोडी कलमं आहेत, आणि त्या उन्हाळ्यात जवळजवळ रोज त्यांच्या खळ्यात होतो म्हणून एवढं तपशिलात माहितीये.

दादा विसाव्या वर्षी मुंबईला गेला, नालासोपाऱ्यात घर केलं, गावी येणं म्हणजे शिमगा, गणपती आणि मे महिन्यातले आठ-दहा दिवस. मागे आजी एकटी सगळं बघायची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा, श्रीवर्धनपासून इकडे मंडणगड-दापोलीपर्यंत नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. यांची २८ हापूस कलमं होती त्यातली ११ मुळासकट गेली, सुपारी निम्म्याच्या वर गेली, घराची एक बाजू उघडी पडली आणि एक माड सरळ विहिरीत गेला. चुलतभावाने येऊन उघड्या बाजूवर पत्रे टाकले, आजीला मुंबईला नेलं आणि घराला कुलूप लागलं.

जमीन एकूण साठ गुंठ्यांच्या आसपास. उरलेली १७ कलमं, काजूची तीसेक जुनी झाडं, सहा रातांबे म्हणजे कोकमाची झाडं, दोन फणस, चार-पाच रायवळ आंबे आणि खाली पंधरा गुंठ्यांचं भाताचं खाचर. २०२२ च्या पावसात चुलतभावाने काजूची २० नवी कलमं लावली होती, मग तो मुंबईला गेला आणि त्यांना कोणी पाणी घातलं नाही. सातबारा सामाईक, पाच नावं.

२०२३ च्या सुरुवातीला दादाची कंपनी बंद झाली, हिशोबाचे पैसे हातात आले. शिमग्याला म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिघं आले आणि ठरलं की मुलगी कॉलेजसाठी तिच्या मावशीकडे राहील, आपण जूनपर्यंत इथे राहून बघू, जमलं तर कायमचं.

नेमकी अडचण काय होती

दादाच्या डोक्यात उन्हाळा म्हणजे आंबा. त्याच्या दृष्टीने अडचण एकच, कलमांना तीन वर्षं खत नाही, फवारणी नाही, त्यात त्या साली आमच्या पट्ट्यात मोहोर मुळातच कमी, मग आंब्याचे पैसे कसे होणार. पण खळ्यात बसून आम्ही एकेक गोष्ट मोजायला लागलो तेव्हा वेगळंच दिसलं. विहिरीत माडाचं खोड, त्यावर तीन पावसांचा गाळ, मार्चमध्येच पाणी कमरेएवढं. वाडीची नळपाणी योजना मे महिन्यात तिसऱ्या दिवसावर जाते. बागेत गवत छातीएवढं वाळलेलं, वरच्या अंगाला सडा म्हणजे कातळाचं उघडं माळरान, आणि मार्च-एप्रिलमध्ये सड्यावर वणवा लागला की खालच्या बागा जातात हे आम्ही लहानपणापासून बघतोय. घराची कौलं सरकलेली, वासे दोन ठिकाणी वाळवीने खाल्लेले, संडासाची टाकी फुटलेली. गडगा म्हणजे दगडी कुंपण चार जागी ढासळलेलं, तिथून रात्री डुकरं आत. वानरांचं तर विचारूच नका.

म्हणजे आंबा ही अडचणींच्या यादीत चौथी-पाचवी गोष्ट होती, आणि दादा सगळे पैसे आणि सगळी ताकद तिथेच लावायला निघाला होता.

अजून एक गोष्ट, जी कोणी उघड बोलत नव्हतं. वहिनींना इथे राहायचं नव्हतं. त्या विरारकडे वाढलेल्या, सासरी आल्या त्या नेहमी पाहुण्यासारख्या. उन्हाळ्याचा घाम, दिवसातून दोनदा जाणारी लाइट, संडासासाठी शेजारी जायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं, "आधी संडास आणि घरात पाणी, नाहीतर मी परत जाते. बागेचं तुम्ही बघा."

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय बाग कराराने देण्याचा. एक व्यापारी आला, १७ कलमं पाच वर्षांसाठी, मिळून ऐंशी हजार, निम्मे आगाऊ. विहीर आणि घर दोन्हीला पैसे लागणार होते म्हणून दादाला ते चाळीस हजार फार जवळचे वाटले. पण करारवाला काय करतो ते आम्ही शेजारच्या बागांत बघितलंय. जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार घालायचं म्हणजे मोहोर लवकर आणि हमखास येतो, लवकरच्या आंब्याला भाव मिळतो. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, ते झाडाची पालवी रोखून मोहोराकडे वळवतं. मापात आणि सोबत भरपूर खत देऊन वापरलं तर ठीक, पण ज्याची बाग पाच वर्षांनी परत जाणार तो खत कशाला घालेल, झाड खंगतं आणि ते खंगलेलं झाड मालकाच्या गळ्यात पडतं. वादळात हललेल्या, मुळं तुटलेल्या कलमांवर हे करू देणं मला तरी पटत नव्हतं आणि मी तसं सांगितलं.

दुसरा पर्याय, उशिरा का होईना फवारण्या सुरू करायच्या, पंप भाड्याने घ्यायचा, गडी लावायचे आणि जेवढा आंबा लागलाय तेवढा पूर्ण काढायचा. मार्चमध्ये फळं सुपारीपासून अंड्याएवढी झालेली, थ्रिप्स या बारीक किडीने जे नुकसान करायचं ते करून झालेलं. खर्च आज, फायदा अंदाजाचा.

तिसरा पर्याय आजीचा. ती म्हणाली आंबा येईल तेवढा येऊ दे, औषध नको, आधी गवत कापा, विहीर साफ करा, घर शाकारा, आणि काजू नि रातांबे माझ्यावर सोडा. दादाला हे म्हातारीचं बोलणं वाटलं. पण तिच्या बोलण्यात क्रम होता. गवताला मार्च, कारण वणवा एप्रिलची वाट बघत नाही. विहिरीला एप्रिल-मे, कारण पाणी तळाला गेल्याशिवाय गाळ निघत नाही. घराला मे, कारण मिरगाच्या म्हणजे मृग नक्षत्राच्या आत छप्पर झालंच पाहिजे. आंब्याला ती थांबायला सांगत होती कारण कलमं पुढच्या वर्षीही तिथेच असणार.

चौथा पर्याय वहिनींचा, आधी राहण्यासारखं घर. त्यांच्यात आणि आजीत यावरून दोन दिवस अबोला होता, कारण आजीच्या मते संडास मेमध्ये शाकारणीबरोबर झाला असता.

काय ठरलं आणि काय केलं

करार नाकारला. हा पहिला मोठा निर्णय आणि तो सोपा नव्हता, कारण दादाची हिशोबाची रक्कम काही फार नव्हती आणि मुलीची फी त्यातूनच जायची होती.

मग कामाचा क्रम ठरला आणि इथे वहिनींचं पहिलं ऐकलं गेलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात संडासाची टाकी, पडवीत एक मोरी आणि छपरावर पाचशे लिटरची पाण्याची टाकी. दादा कुरकुरला की हे पैसे बागेत गेले असते. माझं मत आजही असं की त्या पंधरा हजारांनी अख्खा प्रयोग वाचला. घरातलं एक माणूस रोज परत जायचं म्हणत असेल तर गावात कोणाचंच मन लागत नाही, आणि पुढे काजू निवडण्यापासून आंबा पॅक करून मुंबईत कोणाला किती पाठवायचा हे सगळं वहिनींनीच उचललं.

त्याच वेळी गवत. तीन गडी लावून वरच्या अंगाला गडग्याला लागून दहा-बारा फुटांचा पट्टा अगदी मातीपर्यंत साफ केला, मग बागेतलं गवत कापून कलमांच्या बुंध्यापासून लांब ढीग केले. त्यातलंच थोडं गवत काजूच्या नव्या कलमांच्या आळ्यात पसरलं म्हणजे ओल टिकेल, पण खोडाला चिकटू दिलं नाही कारण वाळवी. २० पैकी १२ जिवंत होती. एप्रिलच्या मध्याला सड्यावर दुपारी वणवा लागला, कोणी पेटवला ते कळलं नाही, वारा खाली बागांच्या दिशेने होता. वाडीतली आम्ही दहा-बारा माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन धावलो. यांच्या गडग्यापाशी आग आली आणि पट्ट्यात खायला काही नाही म्हणून बसली, दोन ठिकाणी ठिणग्या आत पडल्या त्या झोडपून विझवल्या. पलीकडच्या बंद बागेत, जिथे मालक मुंबईला आहेत, काजूची बरीच झाडं होरपळली. त्या दिवसानंतर दादा आजीच्या क्रमावर काही बोलला नाही.

विहिरीवरून पुन्हा वाद. एक बोअरवाला गाडी घेऊन पलीकडच्या गावात आलेला होता, दोन दिवसांत पाणी म्हणाला. समुद्र जवळ आहे आमच्याकडे, किनारपट्टीला खोल बोअर मारून जोरात उपसा केला की खारं पाणी ओढलं जातं, हे खालच्या आळीत दोघांचं झालेलं आहे. त्यात सामाईक जमीन, बोअर कोणाच्या नावाचा हा पुढचा प्रश्न. शेवटी एप्रिल संपता संपता चार माणसं लावून जुनी विहीरच साफ केली, खोड कापून तुकड्यांनी वर काढलं, पंपाने पाणी उपसत राहायचं आणि टोपल्यांनी गाळ ओढायचा असे तीन दिवस. तळाला कातळात जुना झरा होता तो गाळाखाली बुजलेला, मोकळा झाला तसं रात्रीत पाणी चढायला लागलं. गाळ फेकला नाही, भाताच्या खाचरात पसरला.

तरी पाणी सगळ्यांना पुरेल एवढं नव्हतं. सुपारीला एक दिवसाआड पाणी लागतं आणि बारा काजू कलमांना आठवड्याला झाडामागे एक हंडा पुरतो. इथे दादाने उरलेली सुपारी सोडायची ठरवली. आजीला ते फार लागलं, ती सुपारी तिने आणि आजोबांनी लावलेली. तिने आपल्या आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी घराजवळच्या पाच झाडांना घालायला सुरुवात केली, आणि ती पाच वाचली.

आंबा, काजू आणि रातांबे

आंब्यासाठी खर्च दोनच गोष्टींवर केला. फळमाशीसाठी रक्षक सापळे टांगले आणि काढणीसाठी नूतन झेले आणले, दोन्ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची देण. झेल्याने आंबा देठासकट उतरतो, चीक फळावर ओघळत नाही, डाग पडत नाही, आणि बिनफवारणीच्या आंब्याला दिसण्यात आधीच मार असतो म्हणून हे फार महत्त्वाचं. काढणी चौदा आणे म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झाल्यावर, सकाळी दहाच्या आत. पूर्ण पिकेपर्यंत झाडावर ठेवला की साका म्हणजे गरातला पांढरट खराब भाग वाढतो. आढी म्हणजे पिकवण्यासाठी आंब्यांची रास माळ्यावर पेंढ्यात घातली.

निघाल्या जेमतेम बावीस पेट्या, प्रत्येकी पाच डझन. वहिनींनी नालासोपारा-विरारच्या ओळखीच्यांत आधी फोन करून सांगितलं की फळ लहान आहे, सालीवर खरचटल्यासारखे डाग आहेत, औषध मारलेलं नाही, खराब निघालं तर पुढच्या पेटीत भरून देऊ. सगळ्या पेट्या गेल्या. मजुरी, खोके, टेम्पो जाऊन तीस हजारांच्या आत हातात आले. व्यापाऱ्याच्या वर्षाला सोळा हजारांच्या मानाने बरंच, पण याच्यावर वर्ष निघत नाही हेही तेवढंच खरं.

काजूची बी शंभरेक किलो झाली, रोज सकाळी आजी आणि वहिनी झाडाखालची गोळा करायच्या, बोंडू पिळून बी उन्हात तीन दिवस. ओली बी घाईने विकली की व्यापारी भाव पाडतो.

रातांब्यांची गोष्ट मला जास्त सांगण्यासारखी वाटते. मे महिन्यात रातांबे लाल व्हायला लागले की आमच्याकडे धावपळ असते, कारण आमसुलाला उन्हं लागतात आणि पाऊस कधीही येतो. फळ फोडून बी-गर वेगळा, त्याला मीठ लावून रस सुटू द्यायचा, सालं रोज त्या रसात बुडवायची आणि पुन्हा उन्हात घालायची, अशी पाच-सहा पुटं दिली की आमसूल काळपट आणि मऊ होतं, महिनोन्महिने टिकतं. घाई करून दोन पुटांत आटपलं तर पावसाळ्यात बुरशी. त्या वर्षी पाऊस लांबला, केरळातच ८ जूनला पोचला, आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात ११ जूनला जाहीर झाला आणि अरबी समुद्रातल्या बिपरजॉय वादळाच्या नादात जो अडकला तो मुंबईला २५ जूनला. विहिरीच्या आणि भाताच्या जिवावर आलं, पण आजीच्या आमसुलांना जूनच्या मध्यापर्यंत कडक उन्हं मिळाली. उरलेल्या रसाचा आगळ मीठ घालून बाटल्यांत भरला. आंब्याच्या गिऱ्हाइकांनीच आमसूल आणि आगळ मागून घेतला, आणि किलोमागे मेहनत धरली तरी सगळ्यात समाधानाचा पैसा हाच होता, कारण यात व्यापारी नाही, वानर नाही, औषध नाही.

भाताची पेरणी

रोपासाठी जमीन भाजायला म्हणजे राबासाठी कवळ म्हणजे झाडांच्या तोडलेल्या फांद्या आणि शेण आधीपासून जमवावं लागतं, ते यांनी केलेलं नव्हतं, गुरंही नाहीत. म्हणून गादीवाफ्यावर रोप करायचं ठरलं. मिरग लागला तशी वाडीत दोन-तीन घरांनी धूळवाफेवर म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी केली, दादालाही घाई झाली. आजीने आणि मी थांबायला सांगितलं, सहा-सात किलो बियाणं म्हणजे काही मोठं नाही पण पाखरांनी आणि उन्हाने रोप गेलं तर पुन्हा तेच बियाणं मिळायची खात्री नाही. खरा पाऊस २४-२५ जूनला पडला, मग पेरलं. ज्यांनी आधी पेरलं त्यांना हंड्याने पाणी घालून रोप जगवावं लागलं. यांची लावणी जुलैअखेरीपर्यंत गेली, भात थोडं कमी आलं, पण घरच्या खाण्यापुरतं झालं.

सामाईक जमिनीचा पेच

मे महिन्यात सगळे चाकरमानी आले आणि जे व्हायचं ते झालं. एका चुलत्यांनी विचारलं, "तू इथे राहतोयस म्हणजे घर तुझं झालं काय?" प्रश्न तोडून टाकण्यासारखा वाटतो, पण त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांना न विचारता विहीर साफ झाली होती, करार नाकारला होता, आंबे विकले होते.

रात्री खळ्यात बसून साध्या कागदावर लिहिलं गेलं की ज्याने खर्च केला त्याचा खर्च उत्पन्नातून आधी फिटेल, उरलं तर वाटे, चुलतभावाने लावलेली बारा काजूची कलमं चुलतभावाचीच. चौघांनी सह्या केल्या, ते चुलते मात्र नाही म्हणाले. त्यामुळे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीने वाटणी करायचा अर्ज तिथेच थांबला, आणि भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून पडलेल्या ११ कलमांच्या जागी नवी लागवड करायची होती तीही, कारण सामाईक सातबाऱ्याला इतरांचं संमतीपत्र लागतं. संमतीच नसेल तर पुढे दिवाणी कोर्ट, आणि ते कोणालाच नको होतं.

शेवटी काय झालं

पैशाचा हिशोब धरला तर त्या उन्हाळ्यात आलं त्यापेक्षा गेलं जास्त, एकट्या शाकारणीने आणि वाशांनी चाळीस हजारांच्या आसपास खाल्ले. पण जूनमध्ये घर गळलं नाही, विहिरीने मे काढला, बाग जळली नाही. वहिनी गणपतीपर्यंत थांबल्या, मग मुलीच्या परीक्षेसाठी मुंबईला गेल्या आणि दिवाळीनंतर परत आल्या. आता त्या वर्षातले आठ महिने गावात असतात. दादा आणि आजी कायमचे इथे आहेत.

परत करायचं झालं तर

दादा आणि मी यावर बऱ्याचदा बोललोय. चुलत्यांना फोन मार्चमध्येच करायला हवा होता, विहिरीत पहिली टोपली उतरायच्या आधी. सही त्यांनी केली असतीच असं नाही, पण मेमध्ये ते दुखावलेले आले नसते. गवत फेब्रुवारीत कापायचं, कारण मार्चमध्ये गडी मिळत नाहीत, सगळे आंब्यावर असतात. करार नाकारायचा निर्णय आम्ही दोघंही पुन्हा तोच घेऊ, पण ज्याच्या हातात हिशोबाची रक्कम नाही त्याने एक वर्षाचा करार, कल्टार घालणार नाही असं कागदावर लिहून, द्यायला हरकत नाही असं मला वाटतं. आणि उरलेल्या सुपारीसाठी आणखी पाणी काढता आलं असतं का, यावर दादाचं आणि आजीचं अजून एकमत नाही. मोरीचं पाणी पहिल्या दिवसापासून परसात वळवलं असतं तर पाचाची दहा-बारा झाडं जगली असती हे आजीचं म्हणणं मला पटतं.

सहीचं काम अजून बाकी आहे. ते चुलते यंदा मेमध्ये आठ दिवस राहून गेले, विहिरीवर आंघोळ केली, जाताना आमसूल घेऊन गेले, आणि संमतीपत्राचा नमुना पाठव, बघतो म्हणाले. दादाने तो तलाठ्याकडून आणून पाठवलाय.